लाल चिंधीचं खोकं

गॅसचे कपडे उंबऱ्याच्या आत आणायचे नाहीत, हा आशाबाईंचा नियम चाळीस वर्षांचा. नवरा, नानासाहेब, पोलिसांच्या अश्रुधुराच्या गॅस पथकात होते तेव्हा त्यांनी तो घातला, आणि सून त्याच पथकात गेली तरी मोडला नाही. आल्या आल्या मागच्या दारी जायचं, वर्दी पत्र्याच्या बादलीत टाकायची, अंगावर गार पाणी ओतायचं, केस दोनदा धुवायचे, मग घरात. ऊन पाणी चुकूनही नाही. ऊन पाण्यानं कपड्यांत बसलेली गॅसची भुकटी जागी होते. नव्या नवरीपणी त्यांनी एकदा कढत पाण्यात वर्दी बुडवली होती, आणि शेजारच्या तीन घरांतल्या बायका तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या होत्या. तेव्हापासून गार पाणी.

पोलीस लाइनही तीच. मधली काही वर्षं ते हर्सूलला भाड्यानं राहिले, मग सुनेला, दीपमालाला, खोली मिळाली ती जुन्या खोलीपासून दोनच ओळी सोडून. पूर्वी दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी होती, आता सुनेच्या. लिंबाचं झाड तेवढं जुनं. बाकी सगळी माणसं बदलली. शहराचं नावसुद्धा बदललं, पण आशाबाईंच्या तोंडी अजून जुनंच येतं आणि कुणी हटकलं तर त्या हसून सोडून देतात.

मंगळवारी दुपारी दीपमाला आली ती थेट मागच्या दारी गेली. नळाला पाणी नव्हतंच, आठवा दिवस होता. साठवलेल्या टिपातलं दोन बादल्या पाणी तिनं अंगावर घेतलं आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली.

"भाकर वाढू का?"

"नको आई."

"चहा तरी घे."

"नको म्हणलं ना."

आशाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि बादलीपाशी जाऊन पाटावर बसल्या. काठीनं वर्दी पाण्यात दाबली. आणि थांबल्या.

ताज्या गॅसचा वास त्यांना चांगला माहीत होता. मिरची कांडायच्या डंकावर उभं राहावं तसा. आधी डोळ्यांत, मग घशात. हा वास उलटा होता. आधी नाकात आला, जळक्या रबरासारखा, आंबूस, आणि डोळे नुसते चुरचुरले. पाण्यावर करड्या रंगाची साय धरली होती. असं पाणी त्यांनी वर्षातून एकदाच बघितलं होतं, दरवर्षी. नानासाहेब सरावाहून यायचे तेव्हा. सरावाला ताजा माल द्यायचे नाहीत. ज्या शेलची, म्हणजे गॅसच्या नळकांड्यांची, मुदत संपली ते माळरानावर नेऊन उडवायचे.

"दीपमाला, आज सराव व्हता का गं?"

"सराव कशाचा? टाकीच्या चौकात बंदोबस्त व्हता. पाणी नाय सोडलं म्हणून लोकं टाकीवर चढून बसले. बायाबी व्हत्या घागरी घेऊन. मग दगडं आले. साहेबांनी हुकूम दिला, मी चार शेल मारले."

"मंग माल जुना कसा?"

"कोण म्हणलं जुना?"

"पाणी म्हणायलंय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" दीपमाला एकदम बोलली. दहा वर्षांत अशी कधी बोलली नव्हती. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "राहत मास्टरला लागलं, आई. डोळ्याला. घाटीच्या दवाखान्यात नेलंय."

आशाबाईंच्या हातातली काठी तशीच बादलीत राहिली.

राहत मास्टर म्हणजे टाकीच्या चौकातले शिंपी. दुकानावर पाटी नाही, पण आख्ख्या लाइनीच्या खाकी वर्द्या त्यांनीच शिवलेल्या. नानासाहेब त्यांना 'मास्टर' म्हणायचे आणि ते नानासाहेबांना 'जमादार'. दीपमालाची पहिली वर्दी त्यांनी शिवली तेव्हा खांद्याची शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली होती. म्हणाले, "पोरीच्या खांद्यावर पहिल्यांदा पट्टी चढतीय, वाकडी गेली तर जमादार मला जेलमंदी टाकतील."

"कसं लागलं?"

"मी पंचेचाळीसच्या कोनालाच मारला. मामंजी सांगायचे तसं, वर बघून. वारा बी पाठीमागून व्हता. तो शेल लांब जायला पायजे, जमावाच्या पल्याड. तो गेलाच नाय. फुसकन आवाज झाला अन् मधीच खाली आला. मास्टर तिथं मधीच व्हते." तिनं श्वास घेतला. "साहेब म्हणतेत जमावातला दगड लागला. उद्या अकरा वाजता माझा जबाब हाय. अन् मास्टरचं नाव गुन्ह्यात घातलंय. पोलिसांच्या अंगावर धावून आले म्हणून."

"मास्टर? धावून? त्यांना जिना चढताना दम लागतो."

"आले खरं, आई. मी बघितलं ना. दुकानाच्या ओट्यावरून उतरून हात वर करून वरडत आले. सरळ आमच्या गाडीकडं."

आशाबाईंनी बादलीतली काठी काढून भिंतीला लावली. मग विचारलं, "खोकं कोणतं घेतलं व्हतं?"

"पुढं व्हतं ते. आता सगळ्याच खोक्यांना चिंध्या हायेत दसऱ्याच्या, तुम्हीच दिलेल्या. घाईत जे हाती आलं ते गाडीत टाकलं. तारीख बघायला येळ कुणाला व्हता?"

बादलीतलं पाणी हलायचं थांबलं होतं. आशाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

नानासाहेब पंधरा वर्षं कोतात होते. कोत म्हणजे हत्यारांची खोली. तिथं ते नव्या पोरांना एक गोष्ट सांगायचे, आणि घरी येऊन जेवताना तीच आशाबाईंना. "बंदूक हातात घेताना माणूस तीनदा इचार करतो. गॅसची नळी घेताना एकदा बी करत नाय. यानं काय मरतंय, म्हणतो. जे मारत नाय, त्याला कुणी जपत नाय." ते मात्र जपायचे. शेलची मुदत तीन-चार वर्षांची. ती संपली की आतली दारू मंद होते. कधी शेल उडतच नाही, कधी निम्म्यात पडतो, कधी नळीतच पेटतो. खोक्यावरचा तारखेचा शिक्का हाताळून हाताळून पुसट व्हायचा, आणि पहाटे हुकूम आला की चष्मा लावून शिक्के वाचत बसायला कुणाला सवड नसायची. म्हणून मुदत संपलेल्या खोक्याच्या कडीला ते लाल चिंधी बांधायचे. लाल चिंधी म्हणजे सरावाचा माल, बंदोबस्ताला न्यायचा नाही. अंधारातसुद्धा हाताला लागायची.

त्या चिंध्या राहत मास्टरच्या दुकानातल्या. पोलीस बँडच्या लाल कोटांचं कापड उरायचं, त्याच्या पट्ट्या फाडून ते द्यायचे. नानासाहेबांनी निवृत्तीच्या वेळी त्यांचा एक गठ्ठा घरी आणला. कशाला आणला, देव जाणे. ट्रंकेत पडून होता.

नानासाहेबांनंतर त्यांचा चेला राजकुमार ती रीत पाळत होता. तो गेल्या वर्षी बदलीवर कन्नडला गेला. कुठल्या रजिस्टरात लिहिलेली नव्हतीच ती रीत. नानासाहेब वारायच्या आधी सुनेला नळीचं सगळं शिकवून गेले. कोन, वारा, अंतर. खोक्याचं राहून गेलं.

आणि मग खंडेनवमी आली. कोतात शस्त्रपूजा असते. दीपमाला म्हणाली, "आई, एका खोक्याला मागच्या पूजेची लाल चिंधी हाय, बाकीचे उघडेच दिसतेत. लाल कापड हाय का घरात?" आशाबाईंनी ट्रंक उघडली. गठ्ठा हाताला लागला तेव्हा त्यांना किती बरं वाटलं होतं! नवऱ्याच्या हातचं कापड, नवऱ्याच्याच कोतात चाललंय. त्यांनी पट्ट्यांना हळदकुंकू लावून दिलं. चिंधीचा अर्थ त्या विसरल्या होत्या असं नाही. अर्थ एका कप्प्यात होता आणि पूजा दुसऱ्या. दोन्ही एका जागी आलंच नाही मनात. आज, सहा महिन्यांनी, बादलीपाशी आलं.

दीपमालाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. डबा भरला, रिक्षा केली आणि पाच वाजता घाटीत गेल्या.

वॉर्डाच्या दारातच आमरीन उभी होती. मास्टरची थोरली लेक, सिल्लोडला दिलेली. बातमी कळताच पहिल्या बसनं आलेली. तिनं आशाबाईंना ओळखलं आणि दारातून हललीच नाही.

"काकू, तुम्ही आलात, बरं केलं. डबा परत घेऊन जा."

"बाजरीची भाकर हाय गं. मास्टरला आवडती."

"आवडायची. आधी डोळा फोडायचा, मग भाकर आणायची, ही कुठली रीत?" तिचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "अब्बांच्या खाटेला पोलीस बसवलाय, बघा आत. एक डोळा गेला त्या म्हाताऱ्याचा, अन् पळून जातील म्हणून पहारा!"

"आमरीन," आतून आवाज आला. थकलेला, पण मास्टरचाच. "कौन हाय? भाभी हाय का? आने दे."

मास्टरच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. उरलेला डोळा सुजून चिरेएवढा राहिला होता. खाटेच्या पायथ्याशी कोवळ्या वयाचा शिपाई मोबाइल बघत बसला होता. आशाबाईंना बघून तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. त्याच्या अंगावरची वर्दीही मास्टरच्या हातचीच होती, कॉलरवरून कळत होतं.

"भाभी, कायकू आये इत्ते उन्हात?"

आशाबाई स्टुलावर बसल्या. काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं, पण आता तोंडातून वेगळंच निघालं. "मास्टर, तुम्ही ओट्यावरून खाली कशाला उतरलात?"

मास्टरनी मग हसायचा प्रयत्न केला, तो पट्टीत अडकला. "वही तो कोई पूछाच नाही, भाभी. सगळे विचारतेत, दगड हातात होता का. अरे, कैची होती हातात! शटर ओढत होतो. गाडी माझ्या दुकानाम्होरंच लागली. तुमच्या सुनेनं मागचं फळकं खाली घेतलं, खोकं बाहेर काढलं, अन् मी बघितलं, कडीला लाल चिंधी. माझ्याच हातचं कापड, मी वळखणार नाही का? जमादार सांगायचे, मास्टर, तुझी चिंधी लोकांचे डोळे वाचवती. मी म्हणलं, या पोरीला कुणी सांगितलं न्हाई. ये डब्बा नक्को, बेटा, ये डब्बा नक्को, असं वरडत उतरलो." त्यांनी हात किंचित उचलला आणि पुन्हा चादरीवर ठेवला. "कल्ल्यात कोणाला ऐकू येतंय? ओट्यावर थांबलो असतो तर वाचलो असतो. नशीब."

आमरीन खिडकीकडे तोंड करून उभी होती. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

आशाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "नशीब नाय, मास्टर. मी." आणि त्यांनी सांगितलं. ट्रंक, गठ्ठा, हळदकुंकू, सगळं. मध्ये थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू झालं नसतं. "सगळ्याच खोक्यांना बांधल्या. मंग कुणाला काय कळणार? तुम्हीच तेवढं वळखलं, अन् तुमचाच डोळा गेला."

मास्टर म्हणाले, "एवढं कापड जपून ठेवलं व्हतं जमादारांनी?"

"ठेवलं व्हतं."

"येडा माणूस." त्यांनी डोळा मिटला. "भाभी, मला आता कुणाचा राग करायची बी ताकद नाही. सुई एका डोळ्यानं बी ओवता येती म्हणतेत. पण माझं नाव दंगेखोरांत ठेवू नका. साठ वर्षं या चौकात काढली. एवढं करा."

आशाबाई निघाल्या तेव्हा आमरीननं डबा ठेवून घेतला. 

घरी आल्यावर आशाबाईंनी पायही धुतले नाहीत. दीपमालासमोर बसून सगळं सांगितलं. दीपमाला ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे ते मला वाचवायला आले व्हते?"

"लोकांना वाचवायला. तुला बी."

"अन् मी त्यांच्यावरच..." ती उठली, फेऱ्या घालू लागली. "आई, साहेबांनी काय सांगितलंय ठावं हाय का? दगड म्हणलं की मिटलं. शेल म्हणलं की पहिला प्रश्न, तारीख का बघितली नाय. नळी माझ्या हातात व्हती. मी निलंबित झाले तर? ही खोली जाईल. तुमच्या लेकाला कंपनीनं दोनदा बशिवलंय घरी."

"जाईल."

"तुम्ही लई सोपं म्हणता."

"सोपं नाय गं. मी आतापर्यंत तीन खोल्या बदलल्या. एक अजून." आशाबाईंनी भिंतीला डोकं टेकलं. "माझं नाव घाल जबाबात. चिंध्या सासूनं दिल्या, म्हण."

"असं लिहत नसतेत जबाबात. मी म्हणायची सासूनं, अन् ते हसायचे."

"हसू दे. पण कोतात जाऊन तारीख तेवढी बघ. आधी बघ, मंग काय ते लिही. मी काय तुझ्या हाताला धरून लिहविणार नाय."

सकाळी दीपमाला धुतलेली वर्दी घालून नवाला निघाली. वर्दीला अजून किंचित आंबूस वास होता. तो दोन-तीन धुण्यांशिवाय जात नाही. कोतात तिनं कालचं खोकं उघडलं. आत दोन शेल उरले होते. चष्म्याशिवाय वाचता येईल इतकी ठळक तारीख त्यांच्या बुडाशी होती. मुदत संपून चार वर्षं झाली होती. तिनं शेजारची खोकीही बघितली. ती सगळी चांगली होती. नेमकं हेच एक.

हे तिनं संध्याकाळी आशाबाईंना सांगितलं. जबाबात काय लिहिलं तेही. दगड लिहिला नाही. शेल लिहिला, तारीख लिहिली, तारीख आपण बघितली नाही हे लिहिलं, आणि राहत मास्टर सावध करायला आले होते, त्यांच्या हातात कैची होती, दगड नव्हता, हे लिहिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, कुणी सांगितलं व्हतं एवढं खरं लिहायला?" आणि सही घेतली.

"मंग?"

"मंग काय. पथकातून काढलं. चौकशी होईपर्यंत गेटवर ड्यूटी. पुढचं पुढं." ती मागच्या दारी गेली नाही, तिथंच उंबऱ्यात बसून बूट सोडू लागली. "मास्टरच्या खाटेचा पहारा उठला. नाव काढायला कोर्टात जावं लागंल म्हणतेत, पण माझा जबाब लागंल कामाला. आमरीनला फोन केला व्हता."

"काय म्हणली?"

"बरं म्हणली. अन् ठेवला."

आशाबाईंनी मान हलवली. बरं म्हणाली, तेही पुष्कळ होतं.

दीपमालानं पिशवीतून एक पुडकं काढून सासूच्या ओटीत ठेवलं. लाल चिंध्या होत्या, हळदीचे डाग पडलेल्या, गाठी सुरीनं कापून काढलेल्या. "चार्ज द्यायच्या आधी सोडून आणल्या. टाकवत बी नव्हत्या."

आशाबाई त्यांवरून हात फिरवत राहिल्या. बँडच्या कोटाचं कापड, जाड, अजून रंग न सोडलेलं. तीस वर्षांपूर्वी राहत मास्टर ते टराटरा फाडायचे आणि नानासाहेब काउंटरला टेकून बिडी ओढत त्यांना हसवायचे.

"समद्या काढल्या?"

"एक ठेवली. त्याच खोक्याला." दीपमालानं बूट बाजूला सारले. "अन् झाकणावर रंगानं लिहिलं मोठ्ठं. सरावाचा माल, बंदोबस्ताला नेऊ नये. नव्या पोराकडून दोनदा वाचून घेतलं."

"कशावर लिहिलंस? पुसंल."

"नाय पुसायचं. भिंतीवर बी लिहिलंय."

आशाबाई उठल्या, गुडघा वाजला. चिंध्या ट्रंकेत ठेवाव्यात की काय, याचा त्यांना निर्णय होईना. पूजेचं कापड पायपुसण्याला घेता येत नाही, आणि पुन्हा ट्रंकेत ठेवायची त्यांना भीती वाटत होती. शेवटी त्यांनी ते पुडकं बादलीत टाकलं, टिपातलं तांब्याभर पाणी वर ओतलं आणि हळद निघेपर्यंत चोळत बसल्या. गार पाण्यात.

"आता कशाला धुताय?" दीपमालानं विचारलं.

"मास्टरला परत द्यायच्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या दुकानाच्या हायेत."